दोन मनगटं

नात रडू नये म्हणून तिच्यासोबत विमलबाईंनीही कान पुन्हा टोचून घेतले आणि दोन्ही पाळ्यांवर गाठी आल्या. आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी गाठीत सुई देण्याआधी डाव्या कानाला बधिर करायचं मलम लावलं, उजव्याच्या सुईतच भुलीचं औषध मिसळलं. सुया टोचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुठं कमी दुखलं?" "दोनीकडं काईच नाई दुखलं," विमलबाई हसून म्हणाल्या. शेजारी बसलेल्या नवऱ्यानं, उद्धवरावांनी, दोन्ही मनगटं पुढं केली. डाव्यावर चार नखं उमटलेली, उजवं कोरं. "डाव्या कानाच्या वक्ती हिनं हे धरलं, उजव्याच्या वक्ती हे. पुढच्या खेपेला मलम नका लावू बाई. मले सोसत नाई." बाहेर बाकावर विमलबाईंनी डॉक्टरीणबाईंकडून मागून आणलेलं उरलेलं मलम त्यांच्या मनगटावर चोळायला घेतलं. "यानं काई गुण येत नाई," ते म्हणाले. "मालूम हाय," त्या म्हणाल्या आणि चोळत राहिल्या.