टाकला तरी चालेल

कचेरीच्या शाखांचे संगणक जोडणारी लाइन तुंबली की काही निरोप वाटेतच टाकून द्यायची. म्हणून लाइन सांभाळणाऱ्या ताईंनी सगळ्यांना बजावलं, "कमी महत्त्वाच्या निरोपावर 'टाकला तरी चालेल' अशी खूण करा. गर्दीत आधी तेच गळतील."

"अहो ताई, आमचं सगळंच महत्त्वाचं!" शाखांतून हसत उत्तर आलं. एकानेही खूण केली नाही.

अंथरुणाला खिळलेल्या आईच्या गावी बदली मिळावी, म्हणून ताईंनी मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी मुख्य कचेरीला अर्ज पाठवला. घरात सगळ्यांच्या मागून ताट वाढून घ्यायची सवय. 'माझं खासगी काम, कचेरीच्या कामाआड कशाला?' म्हणत त्यांनी अर्जावर खूण केली.

त्या दुपारी लाइन तुंबली.



ताईंचा नियम लाइनने तंतोतंत पाळला.