करंगळीची खूण

इचलकरंजीत सकाळची पाळी सुरू झाली आणि मालनअक्कांच्या यंत्रमागावर धागा तुटला. अक्कांनी सवयीने डाव्या हाताचा अंगठा करंगळीला टेकवला. ही खूण केली, की त्यांचा कृत्रिम उजवा हात धाग्याला गाठ मारायचा. आज त्याने समोरच्या भिंतीला टाटा केला.

माग बंद पडला. अक्कांनी फोन लावला नाशिकच्या निनाद बर्वेला. अशा हातांची मोफत संगणकप्रणाली तो फावल्या वेळात सांभाळायचा आणि नवं अपडेट त्यानेच सोडलं होतं.

"अक्का, गाठीची खूण देशात एकच हात वापरत होता," तो म्हणाला. "म्हणून ती टाटाला दिली. तो सगळ्यांना लागतो."

"त्यो एक हात माझाच रं! टाटा करून धागा जुळतोय व्हय? माझा हात दिवसाला किती गाठी मारतोय, बघितलंस का?"

निनादने त्या हाताची नोंद उघडून पाहिली. चारशेच्या वर. त्याने हात मोजले होते, गाठी मोजल्याच नव्हत्या.

दुपारी माग पुन्हा सुरू झाला. नव्या अपडेटच्या टिपणात निनादने लिहिलं होतं, "गाठीची खूण परत आणली आहे. काढण्याआधी मालनअक्कांना विचारावे." खाली, त्यांच्याच परवानगीने, त्यांचा नंबर होता.

तिसऱ्या दिवशी टिपणातला नंबर पाहून विट्याहून एका बाईचा फोन आला. अपघातानंतर तिने नुकताच कृत्रिम हात बसवला होता.

"अक्का, या हातानं मागावर परत जाता येतंय?"

"डावा अंगठा धड हाय न्हवं?" अक्का म्हणाल्या. "मग उद्याच ये."