सातपर्यंतचा हॉल

सात वाजून गेले तरी मुख्य पाहुण्यांचा पत्ता नव्हता. मंचावर शाल, श्रीफळ, मानचिन्ह आणि व्हिन्सेंट, चौघेही मांडून ठेवल्यासारखे गप्प होते. समितीचा कौस्तुभ सारखा माइकवर येऊन "पाहुणे हायवेला पोचलेत" असं सांगत होता. तो हायवे काही केल्या संपत नव्हता.

पहिल्या रांगेत, बाजूच्या दाराशी ज्युली बसली होती, कपाटातली सर्वांत चांगली साडी नेसून. शहराचा पहिला सौजन्य पुरस्कार नंदाखाल गावच्या कवीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, व्हिन्सेंटला मिळत होता. रस्त्यात मंडप घालू नका, दवाखान्यापुढे हॉर्न वाजवू नका, दुसऱ्याची वेळ खाऊ नका, हे सांगत आणि त्याच्याच कविता करत माणूस म्हातारा झाला होता. आज त्याच्या खांद्यावर शाल पडलेली तिला डोळे भरून बघायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

उकडत होतं म्हणून तिने दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली. जिन्यावर साखरपुड्याची माणसं ताटकळत उभी होती. हिरव्या साडीतली मुलगी कठड्याला टेकली होती, जेवणाचे टोप भिंतीला लावून ठेवले होते आणि एक म्हातारी उलट्या क्रेटवर बसून पदराने वारा घेत होती. सातनंतर हॉल त्यांचा होता.

"कोनाचा कार्यक्रम हाय बाय आत?" म्हातारीने विचारलं.

"माझ्या नवऱ्याचा. सत्कार आहे," ज्युली कशीबशी म्हणाली.

"मंग होऊ दे की. मान काय रोज मिलतो? आमच्या पोरीचं तं जल्माचं ठरलंय, घडीभराने काय बिघडतंय."

ज्युलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने दार ओढून घेतलं आणि कडी घातली. व्हिन्सेंटला हे दिसलं तर तो उठणार, शाल राहणार तिथेच. पोटच्या मुलीच्या, रोवेनाच्या लग्नात गल्लीत कुणी आजारी आहे म्हणून त्याने बँड बंद करून वरात मुकी चालवली होती. जन्मभर घरच्यांनी थांबायचं आणि परक्यांनी पुढे जायचं. आज एक दिवस परके थांबले तर आभाळ कोसळत नाही, असं ती स्वतःला बजावत राहिली.

खाली गाडी थांबली. "पाहुणे आले!" म्हणत कौस्तुभ धावला. टाळ्या झाल्या, हार आले, स्वागत सुरू झालं. पुढे प्रास्ताविक, मग भाषणं, तासाभराची निश्चिंती. कडी घातलेल्या दारापलीकडे लहान मूल भुकेने रडत होतं आणि कुणीतरी त्याला हळू आवाजात गप्प करत होतं.

ते मात्र ज्युलीला ऐकवेना. ती उठली आणि सगळ्यांसमोर मंचावर गेली.

"व्हिन्सेंट, बाहेर साखरपुड्याची माणसं उभी आहेत. हॉल त्यांचा आहे."

"ठाऊक आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तू दार लावलंस ना, तेव्हाच दिसली. म्हटलं, आज एक दिवस ज्युलीच्या मनासारखं होऊ दे."

ज्युलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच तिच्यासाठी चुकीचं वागत होता, आणि ते त्याला मुळीच जमत नव्हतं. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, हातातल्या रुमालाचा बोळा झाला होता.

"ऊठ," ती म्हणाली.

तो उठला. पाहुण्यांपुढे हात जोडून त्याने माइक घेतला. "आपली वेळ संपली. पुढची माणसं बाहेर उभी आहेत," एवढंच बोलला आणि स्वतःची खुर्ची उचलून भिंतीला लावली. कौस्तुभ शाल हातात घेऊन बघतच राहिला. मग मागच्या रांगेतून खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागले.

ज्युलीने कडी काढली. म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठत होती.

"झाला का गो सत्कार?"

"झाला," ज्युली म्हणाली, आणि हिरव्या साडीतल्या मुलीचा हात धरून तिला आत घेतलं.