रूप न पाहणारा पंच

“हां, आता बोल,” धोंडीबा म्हणाला आणि त्याने डोळ्यांवरच्या रुमालाची गाठ आणखी करकचून आवळली.

बाळकुमच्या गावदेवीच्या ओट्यावर सारं गाव जमलं होतं. धोंडीबा हा आगऱ्यांचा पंच. कुणाचाही निवाडा करायचा तर तो आधी डोळे बांधून घ्यायचा आणि मगच दोन्ही पक्षांना समोर बोलवायचा. “डोळं लाचखाऊ रं,” तो म्हणायचा. “गोरा मुखरा दिसला का लगेच फितूर. कान बिचारे गरीब.” जन्मभर त्याने असाच न्याय केला होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. आता अभिमान असावा, पण किती असावा हे कुणी त्याला सांगायला गेलं नव्हतं.

आज रुमालाची गरज जास्तच होती. ठाकुर्लीचा कान्हा आला होता. गेल्या शिमग्यापर्यंत हा गडी लंगोटी लावून मिठागरात मीठ ओढायचा. मग कल्याणला रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर नोकरीला लागला, आणि आता अंगात काळा कोट, पायात बूट, केसांचा मधोमध भांग. मुळात देखणा, त्यात हा थाट. बाया पदराआडून बघत होत्या, पुरुष उघड उघड बघत होते.

समोर गोमाजी हात जोडून उभा होता. त्याच्यामागे त्याची मुलगी, मंजुळा. गोमाजीचं म्हणणं एवढंच, की शिमग्याला कान्हाने आपल्या घरी येऊन सोयरिकीची ताडी घेतली, मंजुळेशी लग्न ठरवलं, आणि नोकरी लागताच शब्द फिरवला. कान्हा म्हणत होता, सोयरीक झालीच नाही. गावाने तर कान्हाचं कधीच खरं मानून टाकलं होतं. अशा राजबिंड्या माणसाला खोटं बोलायची काय गरज? खोट पोरीतच असणार! तेव्हापासून मंजुळेला दुसरीकडून मागणी येईना. आज पंचानेही कान्हाच्या बाजूने कौल दिला, तर ती जन्माची घरात बसणार होती.

“मी शिमग्याचा पावना म्हनून गेलतो,” कान्हा म्हणाला. आवाजही कसा लोण्यासारखा. “पुढं ठेवली ती ताडी प्यालो. पावन्यानं नाय म्हनावं काय?”

लोकांनी माना डोलावल्या. धोंडीबाला त्या दिसल्या नाहीत.

“पावनाच व्हतास तर,” तो गालातल्या गालात हसत म्हणाला. “पन साहेबाच्या बंगल्यावर रीतभात समदी विसरला असशील आता. का तवा पन ठावी नव्हती? मडक्याला तोंड लावलास नि ढोरावानी ढोसलीस?”

कान्हाच्या वर्मी घाव बसला. सगळं गाव आपल्याकडे डोळे लावून बसलेलं, आणि हा म्हातारा आपल्याला ढोर म्हणतो! त्याने कोटाची कॉलर सरळ केली.

“ढोरावानी कशाला? पयले देवीचं नाव घेतलं, तीन थेंब भुईवर सोरले, मंग प्यालो. रीत मना कोनी शिकवू नये.”

डोलणाऱ्या माना जागच्या जागी थांबल्या. पाहुणा ताडी नुसती पितो. देवीच्या नावाने भुईवर थेंब सोडतो तो फक्त त्या घरचा होणारा जावई. हे बाळकुमातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कान्हालाही ठाऊक होतं, पण ते त्याला बोलून झाल्यावर आठवलं.

“तुझ्याच तोंडानं कबूल झालास,” धोंडीबा म्हणाला. “सोयरीक झालती. ती यानं मोरली. पोरीत काय बी खोट नाय, ती आजपासून मोकली. नि तू, चार लोकांदेखत गोमाजीच्या पायावर डोकं ठेव.”

मंजुळा ढसाढसा रडली, आणि ते रडणं सुटकेचं होतं. धोंडीबाने रुमाल सोडला. कान्हा वाकला, उठला, कपाळावर आलेले केस एका हाताने मागे सारले आणि कोटावरची धूळ दोन बोटांनी झटकली. धोंडीबा बघत राहिला. लोक म्हणत होते, माणसाची पारख करावी तर धोंडीबानेच! ते ऐकून म्हातारा मनोमन सुखावला. गोमाजी लेकीला घेऊन ताठ मानेने घरी गेला.

लोक पांगले. कान्हा एकटाच ठाण्याच्या वाटेला लागला. अशा माणसासोबत कोण चालणार? पण धोंडीबा काठी टेकत त्याच्यामागे निघाला, तेव्हा लोक एकमेकांना म्हणाले, अजून चार खडे बोल सुनावल्याशिवाय म्हातारा काही याला सोडत नाही.

वेशीबाहेर त्याने कान्हाला गाठलं. कुणी ऐकत नाही ना, म्हणून एकदा मागे वळून पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“झालं गेलं खारीला मिलालं, पोरा,” धोंडीबा म्हणाला. “माझी नात शकू लगनाची झाली हाय. बघाला कवा येतंस?”