बांधापलीकडची तार

अर्ध्या तासात नातीचं कपाळ तेवढं दिसलं. नाथाजी चष्मा पुसून पुन्हा पडद्यापुढं बसले, तोच इंटरनेट तुटलं आणि कपाळही गेलं. अमेरिकेतल्या लेकीनं, सृष्टीनं, बाळाचा पहिला फोटो पाठवून पाच दिवस झाले होते. फौजेत फोनच्या तारा ओढण्यात नाथाजींची उभी हयात गेली, आणि आता घरची तार त्यांना नाक मुठीत धरायला लावत होती.

शेवटी सांगलीहून कॉम्प्युटर क्लासच्या उमाताई आल्या. कॉम्प्युटर ठणठणीत, मॉडेम ठणठणीत. इंटरनेट यायचं ते फोनच्याच लाइनवरून, मग त्या फोनच्या तारेमागं निघाल्या. तार खिडकीतून बाहेर पडून, बांध ओलांडून थेट शेजारच्या अंबूबाईच्या घरात शिरली होती.

"काका, हे कुणाचं काम?"

"माझंच," नाथाजी ओशाळून म्हणाले.

अंबूबाईचा ज्योतिबा सरहद्दीवर होता. त्याचा फोन यायचा नाथाजींकडं, आणि गुडघे धरत म्हातारी पोचेपर्यंत कट व्हायचा. म्हणून त्यांनी आपल्याच लाइनवर तिच्या उशाशी एक जादा फोन बसवून दिला होता.

उमाताईंनी पुन्हा इंटरनेट जोडलं. मॉडेमची खरखर झाली, कपाळ आलं, तुटलं.

"बघा. इकडं जोडलं की तिकडची घंटी किणकिणते. त्या उचलतात, की ही खरखर त्यांच्या कानात आणि तुमचं तुटलंच. उचलू नका म्हणावं त्यांना."

"आन् खरंच पोराचा आला तर?"

"मग तार कापा. दहा मिनिटांत नात बघाल."

नातीसाठी जीव तर तुटत होताच. नाथाजींनी पक्कड घेतली. पण न सांगता कापणं बरं नव्हे, म्हणून रिसीव्हर कानाला लावला. पलीकडं अंबूबाई अजून फोन कानाला लावून होतीच.

"नाथाजीभाऊ व्हय? आवं, आत्ता फोन वाजला. पोरगं कायबी बोललं न्हाई, पर तिकडचं वारं ऐकलं. लय वारं सुटलं हुतं. रोज ऐकती मी. बरं वाटतं."

नाथाजींना एकदम भरून आलं. त्यांनी मॉडेमकडं पाहिलं.

"व्हय, अंबूबाई. डोंगरातलं वारं हाय ते."

रिसीव्हर ठेवून त्यांनी पक्कड उमाताईंच्या हातात दिली.

"सृष्टीला कळवा, ताई. फोटू पोस्टानं धाड म्हणावं."