चंदनाचं तेल

दार्मीने दोन्ही ब्रेक दाबले. सायकल नुसती किंचाळली, थांबली नाही.

तिने पुन्हा दाबले, बोटं दुखेपर्यंत. ज्वालामुखीच्या काठावरून खाली येणारा हा उतार तिच्या रोजच्या पायाखालचा; धुक्यातही कुठे खड्डा आहे ते ती सांगू शकली असती. पण आज उतारच तिला घेऊन निघाला होता. तिने पाय टेकवून पाहिला, बुटाचा तळ नुसता खरवडत गेला. डावीकडे संत्र्याच्या बागेचं बांबूचं कुंपण दिसलं, तशी तिने डोळे मिटून सायकल त्यात घातली.

कुंपणाने तिला झेललं. गुडघा फुटला, कोपर सोललं, पण जीव शाबूत राहिला. हँडलला बांधलेलं झावळीचं तोरण बांबूत अडकून फाटलं होतं. चाक फिरायचं थांबल्यावर तिने ब्रेकच्या चकतीवर बोट फिरवलं. बोट बुळबुळीत झालं. नाकाशी नेलं, तर चंदनाचा वास.

काल तुंपेक लांदेप होता, लोखंडाचा सण; पूजलेलं लोखंड माणसाची राखण करतं, अशी श्रद्धा. घराघरांत कोयत्यांना, सुऱ्यांना, मोटारींना फुलं वाहून झावळीची तोरणं बांधली होती. दार्मीचे सासरे, रुंगूबापा, सकाळपासून देवांपुढे मांडी ठोकून घराण्याच्या खंजिराला चंदनाचं तेल चोळत होते. खंजीर झाल्यावर त्यांची नजर अंगणातल्या सायकलींकडे गेली असणार. आणि सायकलीत खंजिरासारखं लखलखतं काय, तर ब्रेकची चकती! म्हाताऱ्याच्या भक्तीला आवर कोण घालणार?

मग पुढचं तिच्या ध्यानात आलं.

तिचा नवरा, सुवेचा, वाट दाखवत पुढे होता, आणि त्याच्या मागे सायकलसफरीसाठी जकार्ताहून आलेले दोघं पाहुणे, नवरा-बायको. सकाळी वर काठावर सगळ्यांचे ब्रेक तिनेच दाबून पाहिले होते. दांडी कडक लागली, झालं समाधान. दांडीला काय कळतंय चकतीवरचं तेल? आणि खाली घुमटीचं वळण. त्याला कठडा नाही, पलीकडे सरळ दरी.

तिने सुवेचाला फोन लावला. वाजला, वाजत राहिला. उतारावर कुणीही फोन घ्यायचा नाही, हा नियम तिनेच घातला होता. एरवी धाब्यावर बसवायचा, आज नेमका पाळत होता.

तिने घरी फोन लावला.

"बापा, काल सायकलींना तेल लावलंत का?"

"लावलं की! कशी चकाकतेय, बघितलीस?"

"कुठल्या कुठल्या सायकलींना लावलंत? लवकर सांगा."

पलीकडे कोंबडा तेवढा आरवला.

"बापा!"

"सगळ्यांना लावलं," ते घुश्शात म्हणाले. "एकूण एक. मी काय घरात दुजाभाव करतो का?"

सायकल तिथेच टाकून दार्मी पळत सुटली. गुडघ्यातून रक्त पोटरीवर उतरत होतं, ते तिला कळतही नव्हतं. वाटेत एक बाई गवताचा भारा घेऊन चढून येत होती.

"काय गं, सायकलवाली आज पायी?"

"मावशी, तिघं पुढे गेलेले पाहिलेत?"

"पाहते कसली! वारा आला नि गेला. बाजूला सरायलाही सवड दिली नाही मेल्यांनी."

दार्मीला रडू फुटलं. देवाला काही बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, तर सुवेचाच्या नावापलीकडे शब्द फुटेना. दरीतल्या बांबूच्या बेटात लोंबणारं झावळीचं तोरण तिला आत्ताच दिसायला लागलं होतं. इतकी ती कधी घाबरली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही.

वळण आलं. घुमटीपुढे उदबत्ती जळत होती. रस्त्यावर कुणी नव्हतं.

ती कडेला गुडघ्यांवर बसून दरीत वाकून पाहू लागली. मग घुमटीच्या मागून कुणीतरी खो खो हसलं.

तिघंही मागच्या कट्ट्यावर संत्री सोलत बसले होते. सायकली झाडाला टेकवलेल्या.

"कुठे राहिलीस गं?" सुवेचा म्हणाला. "आणि सायकल कुठाय?"

ती उठून थेट त्याच्या सायकलीपाशी गेली आणि चकतीला हात लावला. चर्रकन चटका बसला.

"वेडी आहेस का? आत्ता उतरलोय, तापलेली असणार ती!"

तिने बोट हुंगलं. नुसतं तापलं लोखंड. तिने दुसरी सायकल पाहिली, तिसरी पाहिली, प्रत्येकीचा चटका घेतला. सगळ्या कोरड्या ठणठणीत. पाहुणी बाई संत्र्याची फोड हातात धरून तिच्याकडे बघतच राहिली. दार्मी भाजलेली बोटं तोंडात घालून हसत होती आणि डोळे पुसत होती.

तिचा फोन वाजला.

"पोरी," बापांचा आवाज अगदी खाली आला होता. "मघाशी मी खोटं बोललो. तेल थोडंच उरलं होतं, एकाच सायकलीला पुरलं. मी तुझीच घेतली. तू सगळ्यांच्या मागून येतेस, एकटी."

दार्मीने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"बापा..."

"सुवेचाला सांगू नकोस हां," ते म्हणाले. "त्याला वाईट वाटेल."