खडूच्या रेघा

रविवार, सकाळी साडेदहा. माझगावच्या गुलाबप्रेमी मंडळाची ऑक्टोबरची छाटणी ग्रेसी आंटींच्या गच्चीवर सुरू झाली.

चाळीस वर्षं रीत एकच होती. आंटींचे यजमान सिडनी अंकल खडूनं फांदीवर रेघ मारायचे, "ग्रेसी, इथं" म्हणायचे, आणि आंटी बरोबर तिथंच कात्री चालवायच्या. अंकल जूनमध्ये गेले. लग्नाच्या वर्षी त्यांनी लावलेलं झाड आता अर्धं वाळलं होतं. एक काप चुकला असता, तर तेही गेलं असतं.

आंटी कुंडीजवळ वाकल्या आणि थांबल्या. सातही फांद्यांवर पांढऱ्या रेघा होत्या.

"नेरिसा, तू मारल्यास?"

"मी कशाला मारू, आंटी? मला अजून कोंब फुटायचा डोळा कुठला नि काटा कुठला ते कळत नाही," मंडळाची नवी सेक्रेटरी हसत म्हणाली. बाकीचे चहा घेत होते. खडू कोणाकडेच नव्हता.

"तिरकी रेघ. त्याचीच," आंटी म्हणाल्या. "म्हातारा अजून शिकवतोय मला."

एकेका रेघेवर त्या कापत गेल्या. प्रत्येक काप आतून हिरवा निघाला. झाड वाचलं होतं. आंटींना हसू आलं, मग रडू आलं.

"आंटी," नेरिसा हळूच म्हणाली, "हात बघा."

डाव्या हाताच्या बोटावर, लग्नाच्या अंगठीच्या जरा खाली, पांढरी तिरकी रेघ होती.

सव्वाबारापर्यंत नेरिसानं ती तीनदा धुतली. तिन्ही वेळा ती पुन्हा उमटली. आंटी अजून कुंडीपाशीच बसल्या आहेत, आणि त्यांनी कात्री खाली ठेवलेली नाही.